लॅब आली, पण आत येतंय कोण?

रंधा

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. कॉलेजचं नाव विचारू नका, अजून नोकरी करायची आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी मेकरस्पेस झाली. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, छोटा सीएनसी राउटर, सोल्डरिंगची टेबलं, ऑसिलोस्कोप आणि सुतारकामाची हत्यारं एका छताखाली ठेवायची. कुठल्याही ब्रँचच्या, कुठल्याही वर्षाच्या विद्यार्थ्याने यावं आणि मनातली वस्तू करून बघावी. सिलॅबस नाही, टर्मवर्क नाही, ओरल नाही. उद्घाटनाला पाहुण्यांनी रिबन कापली आणि भाषणात सांगितलं की आता ग्रामीण मुलांना, मुलींना, सगळ्यांनाच इंजिनिअरिंगचं दार उघडलं.

धागा काढायचं कारण म्हणजे त्या दारातून कोण येतं ते मी बघतेय. रोबोटिक्स क्लबची ठरावीक पोरं येतात. बहुतेक शहरातल्या सीबीएसई शाळांमधली, अकरावीच्या आधीच घरी अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) हाताळलेली. पोरं हुशार आहेत, कष्टाळू आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण नोंदवही चाळली तर मुलींची नावं प्रोजेक्ट रिव्ह्यूच्या आधीच्या आठवड्यातच उगवतात आणि 'कामाचा हेतू' या रकान्यात 'पोस्टर' लिहिलेलं असतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं तर जवळजवळ दिसतच नाहीत. अख्ख्या कॉलेजात लेथवर धड काम करू शकतील अशी खरं तर हीच मुलं. ती बिचारी एम-थ्रीच्या (गणिताचा तिसरा पेपर) बॅकमध्ये रुतलेली.

प्रवेशाच्या बाजूने बरंच काही हललंय. राज्यात मुलींना ३० टक्के जागा आहेतच. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढून त्यांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आणलं. वर्गातली हजेरी घेताना हा फरक मला दिसतो. पण 'हे यंत्र मी उघडू शकते, बिघडलं तर मी बघून घेईन' असं यातल्या किती जणांना वाटतं?

मेकरस्पेसचा दावा नेमका इथे आहे. गणितात मागे पडलेल्याला, इंग्रजीला बिचकणाऱ्याला हाताने काही करून दाखवता आलं तर तो या शिक्षणात तग धरेल. कागदावर मला हे पटतं. प्रत्यक्षात आमची लॅब आधीच आत असलेल्यांनाच आणखी आत घेतेय.

माझा संशय पहिल्या तासावर आहे. फर्स्ट इयरला लॅब दाखवायला नेतो तेव्हा आम्ही काय दाखवतो? ड्रोन, रोबो-रेसची गाडी आणि थ्रीडी प्रिंट केलेला गणपती. दाखवणारा क्लबचा अध्यक्ष. तो इंग्रजीत बोलतो आणि सुरुवातच 'पीएलए आणि एबीएसमधला फरक कोणाला माहीत आहे?' इथून करतो. (ही थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरायची दोन प्लास्टिकं.) दोन-तीन हात वर होतात. बाकीच्यांचा निकाल तिथल्या तिथे लागलेला असतो.

तुमच्याकडे काय चाललं, काय फसलं, ते सांगा. यंत्रांच्या याद्या नकोत, त्या भरपूर आहेत.

शंकासुर

पहिला मान माझा दिसतोय.

ताई, कळकळ पोचली, पण मेकरस्पेस म्हणजे कीचेनचा कारखाना असं माझं स्पष्ट मत आहे. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाइलीत फोटो लावायला बरा. शाळांमध्ये हेच चाललंय की. अटल टिंकरिंग लॅब, सहावी ते बारावीसाठी, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. देशभर दहा हजार लॅब झाल्या आणि २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत पाच वर्षांत आणखी ५० हजार करू म्हणाले. माझ्या भाच्याच्या शाळेतल्या लॅबला कुलूप असतं. चावी हेडमास्तरांच्या कपाटात, कारण काही मोडलं तर भरून कोण देणार?

तुम्हाला खेड्यातली मुलं हवीत ना? मग आधी एसटीचं वेळापत्रक बघा. तुमची लॅब कॉलेज सुटल्यावर उघडत असणार आणि शेवटची गाडी त्याच सुमाराला सुटत असणार. विविधता हवी असेल तर फी, होस्टेल आणि गणिताचे जादा तास, या तीन गोष्टींवर पैसा घाला. बाकी सगळी हौस.

कंपासपेटी

इथे बरेच दिवस वाचनमात्र होते, या धाग्यासाठी खातं उघडलं. मी सेकंड इयर ईअँडटीसीला (इलेक्ट्रॉनिक्सची ब्रँच) आहे, कॉलेज रंधा मॅडमचं नाही पण वर्णन सेम आहे.

एसटीचं बरोबर आहे. होस्टेलचंही तसंच. आमची लॅब रात्री अकरापर्यंत उघडी असते, पोस्टरवर तसं कौतुकाने लिहिलंय. मुलींच्या होस्टेलची हजेरी आठला. उशिरा थांबायचं तर एचओडींची सही, रेक्टर मॅडमची सही आणि घरून फोन. बाबांना फोन करून 'रात्री लॅबमध्ये मुलांबरोबर थांबू का' हे विचारायचं धाडस करण्यापेक्षा पोस्टर केलेलं परवडतं.

आणि ग्रुपमध्ये काय होतं ते सांगते. चार जणांचा ग्रुप, त्यात दोन मुली. कोणी वाईट वागत नाही. फक्त 'तुझं इंग्लिश छान आहे, रिपोर्ट तू घे' असं पहिल्याच दिवशी ठरतं. पीपीटी पण आपणच. ओरलला सरांनी सर्किटबद्दल विचारलं की आपण ग्रुपलीडरकडे बघायचं.

एकदा मी एकटीच गेले होते, दुपारी. परफ बोर्डवर सोल्डरिंग करत होते. टोक पॅडवर धरायचं, तापू द्यायचं, मग तार लावायची. माझं सोल्डर गोळा होऊन बसत होतं, पसरत नव्हतं. एक सीनिअर आला, बघितलं, आणि 'थांब, देतो करून' म्हणत माझ्या हातातून आयर्न घेतलं. अगदी प्रेमाने. त्याचे जॉइंट चकचकीत आले. मी थँक्यू म्हटलं, बोर्ड घेतला आणि नंतर त्या लॅबमध्ये स्वतःहून गेले नाही.

जुना_टर्नर

वरच्या ताईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होतो, आता निवृत्त. त्याआधी आयटीआय आणि कंपनीत टर्नर. आमच्या उस्तादांचा एक नियम होता, शिकाऊ पोराच्या हातातून हत्यार घ्यायचं नाही. शिकवणाऱ्याने हात मागे बांधून उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. जॉब (करायला दिलेला नग) बिघडला तर बिघडू दे, एमएस फ्लॅटचा म्हणजे लोखंडी पट्टीचा तुकडाच आहे. मीही तसंच शिकवलं. हात मागे बांधले की तोंड नीट चालवावं लागतं हा त्यातला फायदा.

दुसरं. मुलींना फाइलिंग (कानशीने घासणं) जमत नाही असं स्टाफरूममध्ये सर्रास बोलायचे. व्हाइसचा (जॉब पकडायचा शिकंजा) जबडा काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला हवा हे आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. कॉलेजातली बाकं पावणेसहा फुटी माणसाच्या हिशोबाने ठोकलेली. पाच फुटाची मुलगी तिथे उभी राहिली की कोपर वर जातो, खांद्याने फाइल रेटावी लागते, फाइल डोलते आणि जॉब मधे फुगीर होतो. मी पायाखाली घ्यायला फळ्या करून घेतल्या, चार इंची. बुटक्या मुलांनाही उपयोग झाला. फाइल पुढे जाताना दाब, मागे येताना सोडून द्यायचं, कारण तिचे दात पुढेच कापतात. एवढं सांगितलं की दोन तासांत जॉब काटकोनात येतो, मग मुलगा असो की मुलगी.

सेफ्टी शूजचं तेच. आमच्या स्टोअरने पाच नंबरच्या खालचे बूट मागवलेच नव्हते. बूट नाही म्हणून मशीनवर सोडायचं नाही, आणि मशीनवर सोडलं नाही म्हणून मुलींना रस नाही असं लिहायचं!

शंकासुर साहेब, कीचेनचं म्हणाल तर पूर्वीही फर्स्ट इयरचे जॉब कॉलेजच्या गेटाबाहेर तयार विकत मिळायचे. नुसती यंत्रं ठेवून काही होत नाही हे तुमचं खरं आहे. पण म्हणून हौस म्हणू नका.

टिंकूचेबाबा

अवांतर: मुलगा सातवीत आहे, त्याच्यासाठी थ्रीडी प्रिंटर घ्यायचा विचार आहे. तीस हजाराच्या आत कोणता बरा?

रंधा

@टिंकूचेबाबा, वेगळा धागा काढा ना प्लीज. तिथे नक्की उत्तर देईन.

@जुना_टर्नर, फळ्यांसाठी दंडवत. आमच्या बाकांची उंची मी कधी मोजलीच नव्हती, उद्या टेप घेऊन जाते.

गोठलेलं_तळं

मी अमेरिकेत मिडवेस्टमध्ये एका विद्यापीठाच्या मशीन शॉपमध्ये काम करते, शिक्षण पुण्यातलं. या विषयावर इकडे बरंच काम झालंय, त्यातलं मला महत्त्वाचं वाटलेलं लिहिते.

लीआ ब्यूकली नावाच्या संशोधक बाईंनी लिलीपॅड अर्डुइनो काढला, २००७ मध्ये तो बाजारात आला. कपड्यावर शिवता येईल असा बोर्ड. वायरऐवजी वीज वाहणारा दोरा, सोल्डरिंगऐवजी सुई. पुढे त्यांनी आणि एका सहकाऱ्याने लोकांनी केलेले प्रकल्प गोळा करून कोणी काय केलं ते तपासलं. साध्या अर्डुइनोच्या प्रकल्पांत बायकांचे दोन टक्क्यांच्या आसपास, लिलीपॅडच्या प्रकल्पांत सुमारे ६५ टक्के. चिप दोन्हींत जवळपास तीच आणि प्रोग्रॅमिंगही तेच. मुलींना इलेक्ट्रॉनिक्स आवडत नाही या वाक्यातली हवा तिथेच निघते. याच बाईंनी २०१३ मध्ये मेकर चळवळीच्या सर्वांत गाजलेल्या मासिकाची मुखपृष्ठं मोजली. त्यांवरच्या माणसांत ८५ टक्के पुरुष आणि मुलगे, आणि कृष्णवर्णीय एकही नाही. 'प्रत्येक माणूस मेकर' म्हणणाऱ्या चळवळीच्या मुखपृष्ठावर!

दुसरं संशोधन सपना चेरियन यांचं, २००९ चं. कॉम्प्युटर सायन्सच्या खोलीत स्टार ट्रेकचं पोस्टर, व्हिडिओ गेमचे डबे वगैरे ठेवले तर मुलींचा त्या विषयातला रस कमी नोंदवला गेला. तीच खोली निसर्गाची चित्रं वगैरे लावून साधी केली तर वाढला. शिकवणारं कोणी बदललं नव्हतं. ड्रोन आणि रोबो-रेसबद्दल रंधाचा संशय या अंगाने बरोबर वाटतो.

तिसरं माझं लाडकं. शेरिल सॉर्बी, मिशिगन टेक. वस्तू मनात फिरवून बघण्याच्या चाचणीत इंजिनिअरिंगला आलेल्या मुली सरासरीने मागे पडतात, हे त्यांच्या लक्षात आलं. ही जन्मजात देणगी आहे असं मानून सोडून न देता त्यांनी १९९३ पासून छोटा कोर्स सुरू केला. ठोकळे हातात घ्यायचे, फिरवायचे, पेन्सिलने आयसोमेट्रिक (तिन्ही बाजू दाखवणारं चित्र) काढायचं. गुण वाढले आणि कोर्स केलेल्या मुली इंजिनिअरिंगमध्ये जास्त टिकल्या. लहानपणी ठोकळे, मेकॅनो वगैरे कोणाच्या हातात दिले जातात याच्याशी याचा संबंध आहे. आपल्याकडे ड्रॉइंगमध्ये दरवर्षी ढीगभर पोरं उडतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी तर अकरावी-बारावीत ठोकळासुद्धा हातात धरलेला नसतो, सगळा वेळ सीईटीच्या एमसीक्यूत.

एक सावधगिरीही सांगते. इथलं जसंच्या तसं तिथे नेऊ नका. भारतात कॉम्प्युटरला मुली भरपूर असतात, अमेरिकेत तसं नाही. तुमच्याकडे कोंडी मेकॅनिकल, ऑटोमोबाईल आणि वर्कशॉपच्या दारात आहे.

जॉर्जिया टेकची इन्व्हेन्शन स्टुडिओ बघण्यासारखी आहे. विद्यार्थीच ती चालवतात. पाळीवर बसणारी मुलंच शिकवतात आणि स्वतःच्या खासगी वस्तू करायलाही मुभा आहे. दारात प्राध्यापक नसतो, कालच शिकलेलं कोणीतरी असतं. पण तिथेही पाळीवर कोण बसलंय यावर आत कोण येणार ते ठरतं. तेवढं एक धरून ठेवा.

कुदळफावडं

लिलीपॅड वगैरे ठीक आहे, पण आपल्या अंगणातलं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. जगातल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या खुल्या कार्यशाळा) एक शिरूर तालुक्यात आहे! पाबळच्या विज्ञान आश्रमात, २००२ मध्ये. एमआयटीच्या नील गेर्शनफेल्ड यांनी फॅब लॅबची कल्पना एमआयटीबाहेर नेली ती या गावात.

आणि यंत्रं यायच्या आधी तिथे जवळपास वीस वर्षं काम चालू होतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधनात मोठ्या पदावर असलेले गृहस्थ. १९८३ मध्ये ते पाबळसारख्या कोरडवाहू गावात येऊन राहिले. शाळेत न टिकलेल्या पोरांसाठी ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका सुरू केली. मग तेच शाळांमध्ये 'मूलभूत तंत्रज्ञान' म्हणून गेलं. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस फक्त कामाचा. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य.

मी अशा एका शाळेत निदेशक होतो. यात निवड नसते, हे महत्त्वाचं. चारही विभाग सगळ्यांना. मुलगी वेल्डिंग करणार, मुलगा चिक्की करणार आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकणार. 'कोणाला वेल्डिंग करायचंय?' असं विचारलं की मुलींचे हात खालीच राहतात, कारण तो प्रश्न खरं तर 'कोण धीट आहे?' असा असतो. पाळी लावली की तो प्रश्नच मिटतो. पहिल्या दिवशी इलेक्ट्रोड चिकटतो, ठिणग्या उडतात, एखादी किंचाळते, एखादा मुलगाही किंचाळतो. तिसऱ्या पाळीला कोणी लक्षही देत नाही.

दुसरं, काम गावाचं करायचं. शाळेचं बाक दुरुस्त कर, कोणाच्या गोठ्याचं फाटक करून दे, त्याचे पैसे घे, हिशोब लिही. गिऱ्हाईक समोर असलं की जॉब विकत आणता येत नाही. शिकवायला गावातलाच वेल्डर, वायरमन. त्याचं शिक्षण किती हे कोणी विचारत नाही.

रंधाताई, तुमच्या लॅबमध्ये 'या, मनातलं करा' असं म्हणता. मनात काय करायचं ते आधीपासून असलेला मुलगाच त्याला ओ देणार. बाकीच्यांना काम द्या.

वाऱ्यावरचीपाने

वाचनखूण साठवली. कुदळफावडं, यावर स्वतंत्र लेख होऊन जाऊ द्या.

ऐरण

इतका वेळ चर्चा मुलींवर आहे, ती असायलाच हवी. पण एक कोपरा अंधारात राहतोय म्हणून लिहितो. कडू वाटलं तर वाटू दे.

माझे आजोबा लोहारकाम करायचे. कुऱ्हाडी, विळे, बैलगाडीच्या धावा. वडिलांनी ग्रिलचं दुकान टाकलं. मला इंजिनिअरिंगला घातलं ते कशासाठी? हातातून हातोडा सुटावा म्हणून. मी फर्स्ट इयरला स्मिथीच्या तासाला सगळ्यात वाईट जॉब केला. मुद्दाम. कारण सरांनी नाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि हसत म्हणाले, 'तुला काय, घरचंच आहे.' वर्ग हसला. मला जे घरून येत होतं ते मी चार वर्षं लपवलं.

'मेकर' हा शब्द ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी हत्यार धरलं नाही त्यांना गोड लागतो. त्यांचा मुलगा लेझर कटरवर खोका कापतो तेव्हा ते इनोव्हेशन असतं. माझा बाप अंदाजाने कमान वाकवून दाराला बसवतो तेव्हा ती मजुरी असते. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, हस्तोद्योगातून शिक्षण. बऱ्याच दलित-बहुजन घरांना त्यात अडचण दिसली ती हीच, की आमच्या पोरांनी शाळेत जाऊन परत टकळी आणि कुदळच धरायची का?

म्हणून डिप्लोमाची मुलं लॅबमध्ये येत नाहीत याचं कारण फक्त एम-थ्री नाही, रंधाताई. त्यांनी वर्कशॉप सोडून वर यायला तीन वर्षं घातलीत. डिग्रीला येऊन पुन्हा हाताने काम केलं तर 'आयटीआयवाला' हे नाव परत चिकटतं. त्यांना स्वयंसेवक म्हणून फुकट राबवू नका. क्लबच्या पोरांची कल्पना आणि यांची मेहनत असं वाटप तर अजिबात नको, ते आम्ही हजार वर्षं बघितलंय. शिकवणारे म्हणून बसवा, नावापुढे पद लावा आणि पैसे द्या.

शंकासुर

ऐरण, प्रतिसाद दोनदा वाचला. काही बोलण्यासारखं नाही, सहमत.

पण माझा मुद्दा मी सोडलेला नाही. पैसे द्या म्हणणं सोपं, कुठल्या हेडखाली देणार? प्राचार्य विचारतील ना. आणि ज्याला संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात कामाला जावं लागतं तो पद घेऊन तरी कसा थांबणार?

ऐरण

हेड आहे की. पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना वर्षानुवर्षं चालू आहे. पोरं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात आणि तासावर पैसे घेतात. त्याच योजनेत लॅब असिस्टंटचे तास बसवा. लॅबमधले तास भरले तर मेडिकलच्या दुकानाची गरज कमी होईल, निदान परीक्षेच्या दिवसांत.

रंधा

दोन दिवस ऑफलाइन होते, आल्यावर इतकं वाचायला मिळालं. एकेकाला उत्तर देत बसत नाही, काय ठरवतेय ते लिहिते आणि तुम्ही त्याची चिरफाड करा.

बाकं मोजली. खरंच उंच आहेत, फळ्यांची ऑर्डर सुताराला दिली.

कमवा व शिकाबद्दल स्टुडंट वेल्फेअर ऑफिसरशी बोलले. लॅबमधलं काम नियमात बसवता येईल म्हणाले, प्रस्ताव द्या. पाळीवर बसणाऱ्यांत निम्मी डिप्लोमाची मुलं आणि निम्म्या मुली असा मसुदा केलाय. पद 'लॅब इन्स्ट्रक्टर', तेही मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहून दारावर लावायचं. क्लबच्या अध्यक्षाचं तोंड थोडं पडलं. पण तो समजूतदार आहे, पीएलएचा प्रश्न विचारणार नाही म्हणालाय.

फर्स्ट इयरच्या लॅब दर्शनातून ड्रोन काढला. त्या जागी सगळ्यांच्या हातात काम, आणि पाळीने. कुदळफावडंचं पटलं. काम म्हणून शिलाई मशीन दुरुस्ती घ्यावी असं डोक्यात आहे. काळं, पायाने चालवायचं. केओएमचं (यंत्रांच्या हालचालींचा विषय) अर्धं पुस्तक त्यात आहे. सुईचा दांडा म्हणजे स्लायडर-क्रँक, दोरा वर खेचणारा लिव्हर, खालचं शटल सुईच्या वेळेशी जुळलेलं. टायमिंग चुकलं की टाका सुटतो. वर्गात मी हे फळ्यावर काढते तेव्हा पोरं जांभया देतात. प्रत्येकाच्या ओळखीत एखादं बंद पडलेलं मशीन असतंच, बचत गटांकडे तर ढिगाने.

वेळ: शनिवार दुपार? संध्याकाळ नाही एवढं नक्की.

ऐरण

शिलाई मशीनला हरकत नाही, पण 'मुलींसाठी खास' असा वास येऊ देऊ नका. नाहीतर पुढच्या वर्षी ब्रोशरमध्ये मुली मशीनपाशी आणि मुलं लेथपाशी असा फोटो छापून येईल.

गोठलेलं_तळं

+१. लिलीपॅडवर हीच टीका झाली होती, की मुलींना शिवणकामातच ढकललं. त्यातलं चांगलं घ्यायचं तर ओळखीच्या वस्तूतून आत शिरायचं आणि मग तिथून पुढे जायचं. मशीन झाल्यावर दुसरं काम काय आहे ते आधीच ठरवून ठेवा. ठिबकचा व्हॉल्व्ह, पंपाचा स्टार्टर, काहीही.

आणि फर्स्ट इयरला ठोकळे वाटा. लेझर कटरवर एमडीएफचे कापून घ्या, प्रत्येकाला एक संच, ड्रॉइंगच्या तासाला हातात. खर्च नगण्य.

कुदळफावडं

स्टार्टर भारी आहे. शेतकऱ्याचा स्टार्टर जळाला की तालुक्याला जावं लागतं. फक्त सिंगल फेजपासून सुरुवात करा, आणि मेन स्विचची चावी इन्स्ट्रक्टरकडेच.

शंकासुर

बाहेरच्या लोकांच्या वस्तू कॉलेजात घेणार? एखाद्या बाईचं मशीन पोरांनी आणखी बिघडवलं तर?

रंधा

पावती करायची. 'दुरुस्त झालं तर सुट्या भागांचे पैसे, नाही झालं तर जसं होतं तसं परत', यावर मालकाची सही. गेल्या आठवड्यात एका बचत गटाच्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, बंदच आहे, आणखी काय बंद होणार?

कंपासपेटी

मॅडम, शनिवार दुपारपेक्षा सकाळी दहा ते एक ठेवा. दुपारी गावाकडची मुलं निघून जातात, होस्टेलवाल्याही घरी जातात.

आमच्या कॉलेजात पण सांगून बघते. सरांनी लगेच 'छान, तू पोस्टर कर' म्हटलं, मी नाही म्हणाले. पोस्टर क्लबवाले करतील, मला इन्स्ट्रक्टरच्या यादीत नाव द्यायचंय. सोल्डरिंग अजून गोळाच होतंय, पण हात मागे बांधून उभं राहायला येतं.

जुना_टर्नर

ताई, सोल्डर गोळा होतंय म्हणजे पॅड तापत नाही किंवा टोक काळं पडलंय. ओल्या स्पंजवर पुसा, टोकाला आधी थोडं सोल्डर चढवा, मग पॅड आणि पाय दोन्हीला एकदम टेकवा. तीन सेकंद.

रंधाताई, पहिल्या शनिवारी मला बोलवा, मी येतो. मशीन गोळा करताना बॉबीन केस वेगळी डबी करून त्यावर मालकाचं नाव लिहा, ती हमखास हरवते. आणि मशीनमध्ये खोबरेल तेल घातलेलं असलं तर आधी रॉकेलने धुवून घ्यावं लागेल, ते थिजून सगळं जाम करतं. सुती चिंध्या भरपूर ठेवा.